ओळीवर बोट ठेव: सातवीच्या वर्गात इंग्रजी गोष्ट आणि कविता कशी वाचावी

सांगोला तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. यंदा एकविसावं वर्ष. मुलं डाळिंबवाल्यांची, मेंढपाळांची, काही ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीत येईपर्यंत पोरांच्या डोळ्यांखालून सहा वर्षांचं इंग्रजी गेलेलं असतं. तरी गोष्ट म्हणून रंगून, कविता म्हणून तोंडात घोळवून त्यांनी ते फारसं वाचलेलं नसतं.

पहिली सहा-सात वर्षं मीही सगळे शिकवतात तसंच शिकवलं. एक वाक्य वाचायचं, लगेच मराठी अर्थ सांगायचा, मुलं तो पेन्सिलीने ओळीच्या डोक्यावर लिहून घेणार. तास शांत जायचा. एकदा एका मुलीला उभं करून धडा वाचायला सांगितलं, तर ती अडखळली. पुस्तक हातात घेऊन पाहिलं. पानभर बारीक पेन्सिलीचं मराठी होतं आणि खालचं छापील इंग्रजी तिने पाहिलेलंच नव्हतं. तिच्यापुरता धडा मराठीच होता. त्या दिवशी मी ओळीवर अर्थ लिहायला बंदी केली आणि त्या जागी एक सवय लावायला घेतली: उत्तर देताना ज्या ओळीवरून ते सुचलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. पुढे लिहिते आहे ते सगळं या एका बोटाभोवती फिरतं.

वर्गात जाण्याआधी

गाईड बाजूला ठेवून गोष्ट आधी स्वतः मोठ्याने वाचा. मनात वाचलं तर आपण कुठे अडखळतो ते कळत नाही, आणि आपण जिथे अडखळतो तिथे मुलं पडणारच. वाचताना दोन खुणा करा. एक, ज्या शब्दांवाचून गोष्ट पुढे सरकत नाही ते शब्द. दोन, जिथे थांबलं की मुलं ‘पुढे काय?’ असं विचारतील ती जागा.

पहिल्या खुणेचे शब्द पाच-सहाच ठेवा. मी पूर्वी फळ्यावर वीस-वीस शब्द अर्थासकट लिहायचे. फळा भरायचा, अर्धा तास जायचा आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधीच पोरं दमायची. बाकीचे शब्द संदर्भाने कळतात. जे कळत नाहीत त्यातले निम्मे न कळताही चालतं. एखादा शब्द कळला नाही म्हणून मराठी गोष्ट आपण कधी टाकून देत नाही, तसंच.

पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना जोडून मी वर्षात दोन-तीन जुन्या इंग्रजी रचना घेते. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे ओ. हेन्री (मृत्यू १९१०) किंवा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (मृत्यू १८९४) यांचं लेखन बिनधास्त छापून वाटता येतं, सोपं करता येतं, तुकडे पाडता येतात. खाली या दोघांचंच एकेक उदाहरण घेते, कारण ती दोन्ही मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मुलं मला त्यात काहीतरी नवं दाखवतात.

गोष्ट: पान गळतं तेव्हा

ओ. हेन्रीची ‘द लास्ट लीफ’ ही १९०७ च्या संग्रहातली गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये स्यू आणि जॉन्सी या दोघी तरुण चित्रकार मुली एकत्र राहतात. नोव्हेंबरात जॉन्सीला न्यूमोनिया होतो. खिडकीसमोरच्या विटांच्या भिंतीवर आयव्हीचा वेल आहे, त्याची पानं गळताहेत, आणि शेवटचं पान पडलं की आपण जाणार असं तिच्या मनाने घेतलं आहे. खालच्या मजल्यावर बेरमन नावाचा म्हातारा चित्रकार राहतो. आपण एक दिवस अजोड चित्र काढणार असं तो पंचवीस वर्षं म्हणतो आहे.

पहिल्या दिवशी पुस्तकं बंद. मी वाचते, मुलं ऐकतात. अर्थ सांगत नाही, पण आवाजात, हातवाऱ्यात जेवढं देता येईल तेवढं देते. जॉन्सी उलटे आकडे मोजते: ट्वेल्व्ह... इलेव्हन... टेन, नाइन... मग एट आणि सेव्हन जवळजवळ एका दमात. हे वाचताना मी खिडकीबाहेर बघत वाचते. इथे एकाही मुलाला भाषांतर लागत नाही, आकडे सगळ्यांना येतात. वाचून झालं की एकच प्रश्न विचारते, तोही मराठीत: ती काय मोजत असेल? कोणी म्हणतं तास, कोणी म्हणतं चिमण्या, एकदा एक मुलगा म्हणाला सलाइनचे थेंब. सगळी उत्तरं फळ्यावर येतात. दुसऱ्या दिवशी पुस्तकं उघडतात तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं उत्तर बरोबर आलं का ते बघायचं असतं, आणि त्या घाईत ती इंग्रजी वाचतात.

एका वर्षी मी चूक केली. वेळ कमी होता म्हणून आधी मराठीत सगळं कथानक सांगून टाकलं, शेवटासकट. पुढचे चार तास मुलं माझ्याकडे बघत बसली. शोधायचं असं काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून शेवटचा परिच्छेद मी वेगळ्या कागदावर छापते आणि तो शेवटच्या दिवशीच हातात देते.

बोटाचं खरं काम इथे सुरू होतं. वादळी रात्र होते, पाऊस आणि बर्फ मिसळून पडतो, सकाळी पडदा वर केला तर एक पान अजून वेलीवर. दुसरी रात्रही तशीच जाते, पान तिथेच. मी विचारते: या पानात काही वेगळं वाटतं का? मुलं अंदाज सांगतात. मी एवढंच म्हणते, “बोट ठेव. कुठल्या ओळीवरून म्हणतोस?”

प्रश्न तीन तऱ्हेचे असतात हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. पहिल्या तऱ्हेचं उत्तर ओळीत लिहिलेलंच असतं: जॉन्सीला कोणता आजार झाला? एक बोट पुरतं. दुसऱ्या तऱ्हेचं उत्तर दोन ओळींच्या मध्ये असतं: जॉन्सी बरी व्हायला लागली हे तुला कसं कळलं? इथे दोन बोटं लागतात. ती सूप मागते, दूध मागते, आणि मध्येच म्हणते की आधी मला हातातला आरसा दे. आरसा का मागितला असेल? आमच्या वर्गातल्या मुली हे मुलांच्या आधी सांगतात. मरायला निघालेलं माणूस केस विंचरायचे म्हणून आरसा मागत नाही. हे वाक्य गोष्टीत कुठेच नाही, पण आरशावर बोट ठेवून ते म्हणता येतं. तिसऱ्या तऱ्हेचं उत्तर पुस्तकात नसतं, ते आपल्यापाशी असतं: बेरमनने केलं ते योग्य होतं का? इथे बोट ठेवायची सक्ती मी करत नाही, फक्त ‘कारण’ हा शब्द यायला हवा.

आता शेवटचा कागद. ते शेवटचं पान खरं तर बेरमनने रात्री भिंतीवर रंगवलेलं असतं, पण ओ. हेन्री रंगवण्याचा प्रसंग दाखवतच नाही. बेरमन न्यूमोनियाने गेला हे स्यू सांगते आणि मग वस्तूंची यादी येते: भिजलेले बूट आणि कपडे, अजून जळत असलेला कंदील, जागेवरून ओढून नेलेली शिडी, विखुरलेले ब्रश, आणि हिरवा-पिवळा रंग कालवलेली रंगपाटी. मी हे पाच वस्तूंचे पाच कागद करते आणि पाच गटांना देते. प्रत्येक गटाला आपल्या वस्तूचंच माहीत असतं. शिडीवाला गट म्हणतो कौलं नीट करायला गेला असेल. कंदीलवाले म्हणतात रात्री कुणाला शोधायला. रंगपाटीवाले गप्प असतात, कारण त्यांना उमगलेलं असतं. मग गट एकमेकांना आपले कागद वाचून दाखवतात आणि वर्गात एक क्षण येतो, त्याचं वर्णन मला करता येत नाही. पान वाऱ्याने हललं कसं नाही, हे तुला खटकलं नाही का, असं स्यू जॉन्सीला विचारते. तेव्हा अर्धा वर्ग मागची पानं उलटून शोधायला लागतो की आपल्याला का खटकलं नाही. तेच पुनर्वाचन. ‘पुन्हा वाचा’ असं मी म्हणाले असते तर कुणी वाचलं नसतं.

आमच्या भागातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. डाळिंबाचा बहार धरताना आधी झाडाचं पाणी तोडून ताण देतात, मग औषध मारून पानगळ करतात. पानं गळाली की नवी पालवी आणि कळी. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार ही नावं आमच्या पोरांना इंग्रजी महिन्यांच्या आधी येतात. तर एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, पानं गळाली की बहार येतो की. मग ती मरंल कशापायी?” मला क्षणभर काही सुचलं नाही. मग तोच प्रश्न फळ्यावर लिहिला: जॉन्सीला पानगळ म्हणजे काय वाटतं, आणि तुझ्या वडिलांना काय वाटतं? त्या दिवशी प्रतीक या शब्दाचा उच्चारही न करता वर्गाला प्रतीक कळलं. एकच पान, बघणाऱ्या दोन माणसांसाठी दोन अर्थ. तुमच्या गावात द्राक्ष असेल तर छाटणी आहे, कोकणात असाल तर आंब्याचा मोहोर गळणं आहे. मुलांच्या घरी या गोष्टीचं काय आहे ते शोधा. मात्र परत यायचं ते छापलेल्या ओळीवरच. जॉन्सी सांगोल्याची नाही, तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे, हेही मुलांना दिसलं पाहिजे.

मराठी बोलू द्यावं का?

हो. विचार मराठीत करू द्या, बोट इंग्रजीवर असू द्या. इंग्रजीतच बोलायची सक्ती केली की वर्गातली तीन मुलं बोलतात आणि बाकीची मान खाली घालतात. मी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर तीन सुरुवाती लिहून ठेवते: ‘आय थिंक’, ‘बिकॉज’, ‘द लाइन सेज’. मराठीत सांगून झालेलं उत्तर दुसऱ्या फेरीत या तिघांच्या आधाराने इंग्रजीत सांगायचं. दिवाळीपर्यंत ही दुसरी फेरी मला मागावी लागत नाही. व्याकरणाची चूक मी त्या वेळी दुरुस्त करत नाही. वहीत टिपून ठेवते आणि शुक्रवारच्या व्याकरणाच्या तासाला घेते.

कविता: आधी कान, मग अर्थ

स्टीव्हन्सनची ‘फ्रॉम अ रेल्वे कॅरेज’ ही १८८५ च्या बालकवितासंग्रहातली सोळा ओळींची कविता. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं धावतं जग.

‘फास्टर दॅन फेअरीज, फास्टर दॅन विचेस,
ब्रिजेस अँड हाउजेस, हेजेस अँड डिचेस.’

ही आधी वाचायची नाही, वाजवायची. मराठी मुलांची एक अडचण फारसं कुणी बोलत नाही. आपल्या वृत्तांत लघु-गुरू आणि मात्रा मोजतात, तर इंग्रजी कविता आघातावर चालते. आपली मुलं प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतात आणि कविता सपाट होते, पाढ्यांसारखी. उपाय सोपा आहे: बाकावर तळहाताने प्रत्येक ओळीला चार ठोके. *फास्*टर दॅन *फेअ*रीज, *फास्*टर दॅन *वि*चेस. ठोका पडतो तिथे आवाज चढवायचा, मधली अक्षरं घाईने गिळून टाकायची. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत वर्गातून गाडी जायला लागते आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावतात. अर्थ अजून कुणालाच माहीत नसतो, पण ही गाडीची कविता आहे हे सगळ्यांना कळलेलं असतं.

मग एक गंमत दाखवायची. पहिल्या ओळीत दहा अक्षरं आहेत, म्हणजे उच्चाराचे दहा तुकडे. आठव्या ओळीत, ‘पेंटेड स्टेशन्स व्हिसल बाय’मध्ये, सातच. ठोके मात्र दोन्हींत चारच. मुलांना बोटांवर मोजू द्या. का कमी केले असतील? आमच्या मुलांचं उत्तर: “स्टेशन आलं ना बाई, गाडी हळू झाली.” कवीच्या मनात हेच होतं का, हे मी सांगू शकत नाही, पण बोट बरोबर जागी आहे आणि कान जागा आहे, एवढं मला पुरतं.

याच ओळीत शिट्टी कोण वाजवतं ते विचारा. शिट्टी खरं तर गाडीची, पण कवी म्हणतो स्टेशनं शिट्टी वाजवत जातात. पळतं कोण? गाडी. पळताना दिसतं कोण? झाडं, गुरं, स्टेशनं. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगीनगाडीचं गाणं बालवाडीपासून तोंडात असल्यामुळे पळणारी झाडं आपल्या पोरांच्या ओळखीचीच असतात. अलंकारांची नावं मी इथेच आणते, आधी नाही. ‘लाइक ट्रूप्स इन अ बॅटल’मधला ‘लाइक’ म्हणजे आपला ‘जसा’, म्हणून ही उपमा. उपमा, यमक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागणं) हे सगळं मराठीतही असतंच. इंग्रजीत त्यांना फक्त नवी नावं आहेत हे कळलं की अर्धी भीती जाते.

यमकाच्या जोड्या मुलांनीच शोधायच्या, पण डोळे मिटून, ऐकून. डोळे उघडे असले की ती स्पेलिंगचं शेपूट जुळवतात आणि ‘आय’ला (म्हणजे डोळ्याला) ‘बाय’ जुळतो हे त्यांच्या हातून निसटतं. शेवटच्या जोडीवर, ‘रिव्हर’ आणि ‘फॉरेव्हर’वर, दरवर्षी वाद होतो. इंग्रजी कानाला हे यमक पुरतं जुळत नाही, आपल्या उच्चारात चांगलं जुळतं. दोन्ही बाजूंना बोलू द्या.

शब्दांपैकी मी ‘ब्रॅम्बल्स’ आणि ‘ट्रॅम्प’ (भटक्या माणूस) एवढेच सांगते. काटेरी झुडपात चढत-घसरत एकटाच फळं तोडणारा पोरगा हे चित्र आमच्याकडे समजावावं लागत नाही, बोरीखाली प्रत्येकाचे हात ओरबाडलेले असतात. ‘मिल’ला मात्र थांबते. मुलांना पिठाची गिरणी दिसते, साखर कारखाना दिसतो. नदीकाठची, पाण्यावर चालणारी गिरणी असेल हे पुढच्या ‘रिव्हर’वर बोट ठेवल्यावर सुचतं.

शेवटची ओळ: ‘ईच अ ग्लिम्प्स अँड गॉन फॉरेव्हर.’ इथे अर्थ सांगायचा मोह मला अजूनही होतो. तो आवरा. ओळ तीनदा म्हणायला लावा, दर वेळी हळू, आणि विचारा: तुझ्या आयुष्यात असं एकदाच दिसलेलं आणि परत न दिसलेलं काय आहे? ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी वहीत लिहावं, मी ते वाचणार नाही असं सांगते आणि वाचत नाही.

ज्यांना अजून वाचताच येत नाही

एकतीसच्या वर्गात सहा-सात मुलं अशी असतातच की ज्यांना इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येत नाहीत. त्यांना न सांगता उभं करून वाचायला लावू नका. कविता त्यांचा मोठा आधार आहे, कारण ती पाठ होते. पाठ झालेल्या ओळीखाली बोट सरकवत म्हटलं की ओळखीचा आवाज आणि अनोळखी अक्षरं यांची गाठ पडते. मी माझं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकते. रात्री बागेत मोटार चालू करायला जाताना एक मुलगा ते ऐकत जायचा. मार्चमध्ये त्याने पहिले सहा चरण पुस्तकात बघून म्हटले. पाठ म्हणत होता की वाचत होता, हे तपासायला मी मधलाच शब्द बोटाने दाखवला: ‘कॅटल’. त्याने वाचला.

परीक्षेसाठी

धडा संपल्यावर प्रश्नोत्तरं लिहून द्यायची माझी पद्धत बंद आहे, त्यावर पालकांशी दोन वर्षं बोलावं लागलं. आता उत्तर तीन वाक्यांत लिहायचं: माझं म्हणणं, पुस्तकातली ओळ, आणि त्या ओळीवरून मला असं का वाटलं. दहावीला कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न येतो, त्याची तयारी सातवीत अशीच होते. सारांश विचारला तर मी शब्दांची मर्यादा घालते, चाळीसच शब्द. कमी शब्दांत सांगायचं तर काय गाळायचं ते ठरवावं लागतं, आणि त्यासाठी धडा कळावाच लागतो.

कवितेनंतर शेवटचा तास लिहिण्याचा. ‘हिअर इज’ने सुरू होणाऱ्या दोनच ओळी, आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या, शेवटी यमक. शुद्धलेखनाचे गुण नाहीत. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल आमच्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, तेव्हापासून मुलांच्या ओळींत स्टेशन आणि डाळिंबाचे क्रेट बरेचदा येतात. या वर्षी एका मुलीने लिहिलं:

‘हिअर इज माय फादर काउंटिंग द क्रेट्स,
हिअर इज अ ट्रक अँड द ड्रायव्हर वेट्स.’

मी तिला विचारलं, ‘वेट्स’ कुठून सुचलं? तिने वहीवर पहिल्या ओळीतल्या ‘क्रेट्स’वर बोट ठेवलं.